संगीतकार कै. वसंतराव देसाई

आंबोलीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. काही पाणी धबधब्यांनी कोकणात उतरते, तर काही हिरण्यकेशीच्या प्रवाहाबरोबर देशाकडे वाहत जाते. आमच्या मुलखातील कर्तबगार माणसेही अशीच विद्येसाठी व पोटासाठी घाट चढून गेली. परंतु त्यांतील थोड्यांनीच आपल्या मातीचा गुण अखेरपर्यंत टिकविला. संगीतकार वसंतराव देसाई हे अशा थोड्यांपैकी होत.

वसंतरावांचा जन्म १९१२ साली कुडाळजवळील सोनवडे गावी झाला. देवळातील भजन, कीर्तन आणि दशावताराच्या रात्री ही ह्या प्रांताची जुनी पाठशाळा. कोवळ्या वयातच ते कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी मिळेल ते काम केले. 'अयोध्येचा राजा' (१९३२) ह्या बोलपटात भूमिका केली व गायिलेही. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव ह्यांच्यासारख्या जाणत्यांचे काम त्यांना प्रभातमध्ये जवळून पाहावयास मिळाले. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेली ही उमेदवारीच पुढे त्यांची खरी पुंजी ठरली.

व्ही. शांताराम ह्यांनी प्रभात सोडून मुंबईस राजकमल कलामंदिर स्थापिले, तेव्हा वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. 'शकुंतला' (१९४३), 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) व 'अमर भूपाळी' (१९५१) ह्या चित्रपटांनी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

तो काळ परदेशी तालवाद्यांच्या व उडत्या चालींच्या आकर्षणाचा होता. बाजारात जे खपते त्याचीच नक्कल करावी, असा मोह पडणे स्वाभाविक होते. वसंतरावांनी मात्र रागदारी व लोकसंगीत ह्यांचाच आधार धरिला. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मधील शीर्षकगीत त्यांनी अडाणा रागात बांधिले व ते उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून गाऊन घेतले. 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांची सनई त्यांनी घरोघरी पोहोचविली. हे दोन्ही चित्रपट रसिकांनी उचलून धरिले. अस्सल वस्तू लोकांना रुचत नाही, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

मराठी रंगभूमीचेही ऋण त्यांनी फेडिले. विद्याधर गोखले ह्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) व 'जय जय गौरीशंकर' (१९६६) ह्या नाटकांच्या पदांना त्यांनीच चाली दिल्या. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या परमाचार्यांचे जे संस्कृत मैत्रीगीत गायिले, त्याची चालही वसंतरावांचीच. 'गुड्डी' (१९७१) मध्ये त्यांनी वाणी जयराम ह्या नव्या गायिकेस संधी दिली.

दिनांक २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. हाती काम असतानाच मृत्यूने त्यांस गाठिले, हे दुर्दैव होय.

आज आपल्या घरांतील कित्येक मुलेमुली संगीतनिर्मितीचा व्यवसाय पत्करीत आहेत. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच आहे: निर्वाह साधावा कसा, आणि आपले स्वत्व राखावे कसे? वसंतरावांच्या चरित्रात त्याचे उत्तर आहे. आधी दीर्घ उमेदवारी करावी, थोरांकडून शिकावे, लोकांना समजेल असे सोपे बांधावे, पण उसने बांधू नये. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधील त्यांची प्रार्थना शाळाशाळांतून मुले गातात. चाल कोणाची, हे त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसते. निदान आपल्या मुलांना तरी ते ठाऊक असावे.