गोदाराणी आणि सिल्वासाची सीमा

सिल्वासाच्या मुक्तीची कथा गोमंतकात सांगितली जाते ती प्रामुख्याने आझाद गोमंतक दलाच्या पराक्रमाची. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. परंतु त्याच सुमारास सीमेपलीकडून वारली स्वयंसेवकही नगर हवेलीत शिरले होते. त्यांना उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचे नाव या कथेत क्वचितच येते.

त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यात, वकील लक्ष्मणराव गोखले यांच्या घरी झाला. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य होण्याचा मानही त्यांना मिळाला. शामराव परुळेकर यांच्याशी विवाहानंतर मात्र त्या किसान सभेच्या कार्यात उतरल्या.

डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. ज्याची जमीन, त्यानेच तिच्यावर वेठीला राबायचे. लग्नासाठी कर्ज काढणारा तर पत्नीसह धन्याचा लग्नगडी होई, आणि ती गुलामगिरी सहसा फिटत नसे. त्या रानातले गवत आणि लाकूड मुंबईच्या बाजारात विकले जाई. कापणाऱ्याच्या पदरी अर्धपोटी मजुरी पडे. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे पाचशे पौंड गवतकापणीला अडीच रुपये हा दर मागण्यात आला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा उठल्याने १० ऑक्टोबर रोजी तलवाड्यास हजारो वारली जमले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले आणि परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी आली. वेठ मात्र पुन्हा डोके वर काढू शकली नाही. वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले ते याच काळात.

नगर हवेलीतील वारल्यांची स्थिती वेगळी नव्हती. मधली सीमा तेवढी पोर्तुगिजांची. म्हणूनच १९५४ चा लढा या दांपत्यासाठी केवळ ध्वजाचा नव्हता. ध्वज काही दिवसांत बदलला, पण पोर्तुगीज अमदानीतील जमीनव्यवस्था मोडणारा विनियम १९७१ साली आला.

शामराव १९६५ साली स्थानबद्धतेतच निवर्तले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा करसवलतींच्या ओढीने आलेले कारखाने सिल्वासाभोवती उभे राहिले होते.