दृष्टी देणारा शिक्षक : नंदलाल बोस

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात नंदलाल बोस यांचे स्थान फार मोठे आहे. परंतु ते केवळ थोर चित्रकार नव्हते. चित्र काढणे आणि चित्र पाहणे ही मूठभर कलावंतांची मिरास नसून प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर आचरणात आणला.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील हवेली खडगपूर या गावी झाला. त्यांचे वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी सुंदर बाहुल्या व खेळणी तयार करीत. गावातील कारागीर मातीच्या मूर्ती घडवू लागले, की लहानगा नंदलाल त्यांचे काम एकटक पाहत राही व स्वतःही तसे करून बघे. कलेचे पहिले धडे त्याला असे घरात आणि गावातच मिळाले.

वयाच्या पंधराव्या वर्षी पुढील शिक्षणासाठी ते कलकत्त्याला आले. १९०२ मध्ये शालेय परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु महाविद्यालयीन अभ्यासात त्यांचे मन रमेना. परीक्षेत वारंवार अपयश आले. चित्रकला हे पोट भरण्याचे साधन होऊ शकेल, असे घरच्यांना वाटत नव्हते. म्हणून वाणिज्य शाखेचा मार्गही चोखाळून पाहिला. पण तेथेही निराशाच पदरी आली. अखेर १९०५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे त्यांना अवनींद्रनाथ टागोर यांच्यासारखे गुरू लाभले.

या गुरुशिष्यांची एक हकिगत प्रसिद्ध आहे. नंदलालांनी तपश्चर्या करणाऱ्या उमेचे चित्र काढले. अवनींद्रनाथांना त्यातील रंग फारच फिके वाटले. थोडे रंग व अलंकार वाढवावेत, असे त्यांनी सुचवले. शिष्य चित्र घेऊन घरी गेला. गुरूला मात्र रात्रभर झोप लागली नाही. तपस्विनी उमेला अलंकार कशाला हवेत? शिष्याने जे पाहिले ते आपल्याला दिसले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पहाट होताच ते धावत नंदलालांच्या घरी पोहोचले. नंदलाल रंग लावण्याच्या तयारीतच होते. गुरूने त्यांना थांबवले आणि चित्र वाचले. शिक्षकाने आपली दृष्टी विद्यार्थ्यावर लादू नये, हा धडा या प्रसंगात आहे.

पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर नंदलाल अजिंठ्याला गेले. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना प्राचीन भारतीय रेषेचे सामर्थ्य त्यांनी जवळून अनुभवले.

रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतन येथे १९१९ मध्ये कलाभवन सुरू केले. १९२२ मध्ये त्याची धुरा नंदलालांकडे आली आणि १९५१ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. विद्यार्थी त्यांना आदराने मास्टरमशाय म्हणत. नमुने समोर ठेवून त्यांची हुबेहूब नक्कल करून घेण्यावर त्यांचा भर नव्हता. ते विद्यार्थ्यांना झाडांखाली, माळरानावर आणि संथाळांच्या वस्त्यांत नेत. स्वतःही त्यांच्याबरोबर छोट्या कार्डांवर रेखाटने करीत. विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांसारखे कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. लहान मुलांनाही ते विसरले नाहीत. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली बालबोध पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रे अक्षरओळख होणाऱ्या मुलांना चित्रओळखही करून देत.

सर्वसामान्य शिक्षणात कलेला स्थान का हवे, याचे विवेचन नंदलालांनी आपल्या एका लेखात केले आहे. गरीब संथाळ आपले मातीचे घर सारवून स्वच्छ व सुंदर ठेवतो. उलट, उच्च शिक्षण घेतलेल्या तरुणाची खोली अनेकदा अस्ताव्यस्त असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सौंदर्यदृष्टी पैशावर किंवा पदवीवर अवलंबून नसते, हे त्यांना सांगायचे होते. शाळा, वाचनालये व वसतिगृहे येथे उत्तम कलाकृती असाव्यात. विद्यार्थ्यांना शिक्षकांसोबत संग्रहालये दाखवावीत. ऋतूंचे बदल न्याहाळण्यास शिकवावे. वर्षातून एकदा कलामहोत्सव भरवून त्यात प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी केलेली एखादी वस्तू ठेवावी, असे उपाय त्यांनी सुचवले. प्रत्येक जण चित्रकार होणार नाही. पण चांगले काय आणि ओंगळ काय, हे ओळखणारा डोळा प्रत्येकाला लाभू शकतो, हा या उपायांमागील विश्वास होता.

हाच विश्वास त्यांनी लोकांपुढे प्रत्यक्षात उतरवला. महात्मा गांधींच्या आग्रहावरून १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक तयार केले. त्यांत शेतकरी, सुतार, चांभार, ढोलकिये आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या. अधिवेशनाला आलेल्या खेडुतांना आपलेच जीवन तेथे चित्ररूपाने दिसले. त्यासाठी त्यांना तिकीट काढून कलादालनात जावे लागले नाही.

स्वतंत्र भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याचा मान नंदलाल व त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळाला. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा, अशी शिफारस केली. अनेक शाळांत मात्र चित्रकलेचा तास आजही इतर विषयांसाठी सहज खर्ची पडतो. परीक्षेत अपयशी ठरलेल्या या विद्यार्थ्याने मांडलेला विचार म्हणूनच अजून जुना झालेला नाही. दारातली रांगोळी, कुंभाराचा घडा किंवा पावसाने बदललेला झाडाचा रंग क्षणभर थांबून पाहणे, हीदेखील कलाशिक्षणाची सुरुवातच होय.