आंदणातला किल्ला आणि चांदबिबी

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी खरेदीसाठी लोटणाऱ्या गर्दीला जवळच्या भुईकोट किल्ल्याची आठवण होण्याचे काही कारण नाही. कापडाची दुकाने, पाट्या, रिक्षांची रांग आणि सणासुदीची लगबग यांतून वाट काढीत माणूस घरी जातो. पण या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभा असलेला तो दुहेरी तटाचा किल्ला एके काळी एका नवऱ्या मुलीबरोबर आंदण म्हणून दिला गेला होता. ती मुलगी म्हणजे अहमदनगरच्या निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या आदिलशहाची राणी चांदबिबी. शालेय पुस्तकांनी तिची एकच मुद्रा घराघरांत पोहोचवली : चेहऱ्यावर बुरखा, हातात नंगी तलवार आणि पाठीशी पडलेला तट. ही मुद्रा खोटी नाही. मात्र तिच्या पन्नासेक वर्षांच्या आयुष्यातील ती एक रात्र होय. उरलेले आयुष्य दोन बलाढ्य राज्यांना एकमेकांचे गळे धरण्यापासून परावृत्त करण्यात गेले, आणि अखेरीस तिचा जीव घेतला तोही तहाच्या विचारानेच.

बहामनी राज्य फुटून त्याच्या पाच शाह्या झाल्या, त्या दिवसापासून सोलापूर हे अहमदनगर आणि विजापूर यांच्यामधील न भरणारी जखम बनले. भीमेच्या आणि सीनेच्या खोऱ्यातील हा किल्ला ज्याच्या हाती, त्याला दुसऱ्याच्या अंगणात उतरण्याची वाट मोकळी. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहा व इस्माईल आदिलशहा सोलापूरलाच भेटले. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली गेली. लग्न पार पडले आणि भांडण सुरू झाले. सोलापूर व त्याखालचे साडेपाच परगणे आंदणात कबूल केले होते, असे अहमदनगरचे म्हणणे, तर अशी कबुली दिलीच नव्हती, असे विजापूरचे. त्या साडेपाच परगण्यांसाठी पुढे चार दशके लढाया झाल्या. १५५२ च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने बुऱ्हाणने किल्ला घेतला. मग त्याच रामरायाला हाताशी धरून अली आदिलशहाने तो परत मिळवण्याचा उद्योग आरंभला आणि अहमदनगरचा मुलूख बेचिराख झाला. घरच्या भांडणात बाहेरचा बलवान आणावा आणि त्याने दोघांनाही वाकवावे, हा दख्खनचा रिवाज तेव्हाच पक्का झाला होता.

रामराया सर्वांनाच जड झाला, तेव्हा शहाणपण सुचले. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांद अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, दिली गेली. राजकारणातील साटेलोटेच ते. त्याचे फळ २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या रणावर दिसले. विजयनगरचे सामर्थ्य मोडले, रामराया मारला गेला. विजेत्यांच्या घरी आनंदीआनंद झाला असेल, पण ज्याच्या भीतीने ही दोन घरे एकत्र आली होती तो शत्रूच उरला नाही, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आले नसावे. चांदबिबी तेव्हा कोवळ्या वयाची होती. पुढची पस्तीस वर्षे ती हा धडा गिरवीत राहिली.

विजापुरात पंधरासोळा वर्षे तिचा संसार झाला. अलीला मूल नव्हते. शहरातील चांद बावडी ही विस्तीर्ण विहीर तिच्या नावाने बांधली गेली, आणि ती विहीर अजून तिचे नाव वागवीत आहे. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर आला त्याचा पुतण्या इब्राहीम, वय वर्षे नऊ. मुलाचे पालनपोषण व शिक्षण चांदबिबीकडे आले आणि राज्याचा कारभार सरदारांकडे. येथून तिच्या परीक्षेला आरंभ झाला.

या काळात तिच्या हातून चुकाही झाल्या. कारभारी कामिलखान उद्धट झाला, म्हणून तिने किश्वरखानाला त्याच्यावर सोडले. कामिलखान गेला, पण किश्वरखान त्याहून घातकी निघाला. त्याने एका मातब्बर सरदाराचा खून करवला आणि राणीने निषेध करताच तिला राजवाड्यातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. हबशी सरदारांनी त्याला हुसकावून लावले, तेव्हा तिची सुटका झाली. एका माणसाचा काटा काढण्यासाठी दुसऱ्याच्या हाती शस्त्र द्यावे आणि ते आपल्यावरच उलटावे, हा अनुभव तिला तिशीतच मिळाला. पुढे अहमदनगरच्या सरदारांनी हीच चूक शतपट मोठ्या प्रमाणात केली आणि तिचे प्रायश्चित्त मात्र तिला घ्यावे लागले.

विजापुरातील ही बेबंदशाही पाहून शेजारी स्वस्थ बसणार नव्हते. निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी आधी नळदुर्गाला आणि मग खुद्द विजापूरला वेढा घातला. निजामशाही गादीवर त्या वेळी मुर्तझा होता, म्हणजे चांदबिबीचा सख्खा भाऊ. तटाच्या आत बहीण, बाहेर भावाच्या तोफा! माहेर आणि सासर यांत कोणाचे मीठ मोठे, हा प्रश्न मराठी घरांत ओवीत आणि भांडणात येतो. येथे तो दारूगोळ्यासह आला होता. तिने सासरची बाजू सोडली नाही. विजापुरातील आपसात भांडणारे दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदार काही काळ एका तटामागे उभे राहिले आणि वेढा उठला.

१५८४ मध्ये ती अहमदनगरला परत आली, ती पुन्हा एका सोयरिकीच्या निमित्ताने. इब्राहीमची बहीण खदीजा मुर्तझाच्या मुलाला दिली गेली आणि तिच्या पाठराखणीला चांदबिबी माहेरी आली. पण अहमदनगरचा कारभारी सलाबतखान अडून बसला. वधू आली, आता सोलापूरही द्या! वीस वर्षांपूर्वी आपणच आंदण दिलेला किल्ला आता आंदण म्हणून परत मागण्याचा हा प्रकार होता. विजापूरने तो दिला नाही. लग्नाचा मंगलविधी आणि सीमेवरची लढाई यांतील अंतर या दोन दरबारांना कधी कळलेच नाही.

त्यानंतर अहमदनगरच्या गादीचे जे झाले, ते थोडक्यात सांगितलेले बरे. १५८८ मध्ये मुलाने बापाचा खून केला. दुसऱ्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. एक राजा आला आणि गेला. त्याच्यामागून आलेला बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहीम निजामशहा त्याच वर्षी विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. गादीसाठी चार पक्ष उभे राहिले, प्रत्येकाकडे आपापला राजा. चांदबिबीने मृत राजाच्या तान्ह्या मुलाचा, बहादुरचा, पक्ष घेतला. मियाँ मंजू नावाच्या सरदाराने आपल्या प्रतिस्पर्ध्यांना धडा शिकवण्यासाठी गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहाजादा मुरादला, निमंत्रण धाडले. अकबर अनेक वर्षे दख्खनकडे डोळा लावून बसला होता. त्याला आता दार फोडावेही लागणार नव्हते.

मंजूला पश्चात्ताप झाला, पण तोवर उशीर झाला होता. तो मदत आणण्याच्या नावाखाली निघून गेला आणि किल्ला आपल्या विश्वासातील एका माणसाच्या हाती ठेवून गेला. चांदबिबीने त्या माणसाचा निकाल लावला, बहादुरच्या नावाने द्वाही फिरवली आणि किल्ल्याचा ताबा घेतला. १५९५ च्या डिसेंबरात मोगल अहमदनगरसमोर आले.

त्या वेढ्याची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे आणि तरीही तिचा रंग उतरलेला नाही. मोगलांकडे मनुष्यबळ अफाट होते. दुखणे एवढेच, की शहाजादा मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते. तटाखाली सुरुंग खणले गेले. मोगल छावणीतीलच एकाने रात्री ती बातमी किल्ल्यात पोहोचवली आणि आतल्या लोकांनी जमीन उकरून काही सुरुंगांतील दारू काढून घेतली. एक उरला होता, तो उडाला. तटाचा मोठा भाग कोसळला, माणसे दगडांबरोबर उडाली आणि किल्ल्यातील शूर म्हणवणाऱ्यांचेही पाय मागे वळले. त्या वेळी बुरखा घेतलेली, चिलखत चढवलेली राणी तलवार उपसून खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे परत फिरले. मोगलांचे हल्ले संध्याकाळपर्यंत परतवले गेले आणि खंदक प्रेतांनी भरला. पण खरे काम अंधार पडल्यावर झाले. रात्रभर दगड, माती, लाकूड, जे हाती येईल ते रचून खिंडार बुजवण्यात आले आणि राणी तेथून हलली नाही. सकाळी मोगलांनी पाहिले, तो भिंत पुन्हा उभी होती. शिशाचे गोळे संपले तेव्हा तिने तोफांतून तांब्याची, चांदीची आणि अखेर सोन्याची नाणी उडवली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी तिच्याविषयी काय मानले हे त्यातून दिसते.

या विजयानंतर तिने तह केला. येथे तिच्या चरित्राचे खरे मर्म आहे आणि नेमके तेच बहुधा सांगितले जात नाही. विजापूरहून सुहेलखानाच्या हाताखाली मोठी कुमक निघाली होती. ती पाठवणारा इब्राहीम आदिलशहा म्हणजे तिने अंगाखांद्यावर वाढवलेला मुलगा. गोवळकोंड्याचीही फौज त्यात होती. ज्या तीन शाह्या शंभर वर्षे एकमेकींना ओरबाडत आल्या, त्या तालिकोटनंतर प्रथमच एका बाजूला उभ्या राहू पाहत होत्या, त्या एका स्त्रीच्या नात्यावर. मोगलांना वेढा चालवणे अवघड झाले होते आणि किल्ल्यातील धान्य संपत आले होते. १५९६ च्या प्रारंभी ठरले की वऱ्हाड मोगलांना द्यावा आणि बहादुरला निजामशहा म्हणून त्यांनी मान्यता द्यावी. वऱ्हाड देणे हा पराभव होता, असे तेव्हाही अनेक म्हणाले असतील. पण वऱ्हाड निजामशाहीने जिंकून घेतलेला प्रांत होता, तिचे मूळ घर नव्हे. हात देऊन धड वाचवावे, हा हिशेब तिने केला, आणि तो चुकीचा होता असे म्हणवत नाही.

तह टिकला नाही. वऱ्हाडाच्या सीमेवरून तंटे निघाले आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहेलखानाच्या संयुक्त फौजेची खानखानानाशी गाठ पडली. दोन दिवसांची ती लढाई घनघोर झाली, पण जय मोगलांचा झाला. इकडे अहमदनगरात सरदारांना राणीचा अंमल बोचू लागला. तिनेच पुढे आणलेले कारभारी तिच्याविरुद्ध उभे राहिले. १५९९ मध्ये मुराद मेला, दुसरा शहाजादा दानियाल आला आणि स्वतः अकबर बऱ्हाणपुरापर्यंत येऊन पोहोचला. १६०० मध्ये अहमदनगरला पुन्हा वेढा पडला.

या वेळी विजापूरची कुमक येणार नव्हती आणि किल्ल्यात एकी नव्हती. चांदबिबीने हे ओळखले. अटी ठरवून किल्ला द्यावा, बहादुरला सुखरूप बाहेर काढून जुन्नरकडे जावे आणि तेथून राज्य सांभाळावे, असा तिचा विचार होता. पाच वर्षांपूर्वी खिंडारात उभी राहणारी हीच स्त्री होती; लढण्याची वेळ कोणती आणि न लढण्याची कोणती, हे तिला ठाऊक होते. पण एका खोजा सरदाराने रस्त्यारस्त्यांतून ओरड उठवली की राणी फितूर झाली, तिने किल्ला विकला. पिसाळलेला जमाव महालात घुसला आणि त्याने तिला ठार केले. ज्यांच्यासाठी तिने तट राखला, त्यांतलेच ते लोक होते. तलवार घेतलेली राणी त्यांना पूज्य होती. कागद घेतलेली राणी त्यांना सहन झाली नाही.

महिन्याभरातच, ऑगस्ट १६०० मध्ये, मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला आणि किल्ला घेतला. आत मोठी कत्तल झाली. बालराजा बहादुर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. म्हणजे तिच्या तहाने जे वाचले असते ते सर्व गेले, आणि लढून काही राहिले असेही झाले नाही. मलिक अंबरने पुढे निजामशाहीचे नाव आणखी पाव शतक जिवंत ठेवले, हे खरे. पण त्यालाही विजापूरशी लढण्याचा मोह आवरला नाही आणि १६२५ मध्ये त्याने सोलापूर घेतलेच.

अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगराजवळ, डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. खदीजेच्या लग्नात सोलापूरसाठी अडून बसलेला कारभारी तो हाच. १६३६ मध्ये शाहजहान व आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली आणि त्या वाटणीत सोलापूर विजापूरला मिळाले. शंभर वर्षांचे भांडण जिंकल्यासारखे विजापूरला वाटले असेल. १६६८ च्या तहात तोच किल्ला औरंगजेबाला द्यावा लागला. १६८५ मध्ये औरंगजेबाने आपली छावणी सोलापुरात आणली, वर्षभर तेथे मुक्काम केला, आणि तेथून निघून सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर घेतले.