पंडिता रमाबाई : संस्था कशी उभी करावी आणि कशी सांभाळावी



शालेय नेतृत्व हा विषय आता प्रत्येक प्रशिक्षणात असतो. त्यात नियोजन, कामाची वाटणी, आर्थिक पारदर्शकता असे शब्द आपण ऐकतो आणि वहीत उतरवून घेतो. पण हे सगळं प्रत्यक्षात करून दाखवलेलं माणूस आपल्या जवळपासच होऊन गेलं, हे मुलांना क्वचित सांगितलं जातं. पारनेरहून शिरूर, न्हावरा, चौफुला असं गेलं की केडगाव लागतं. (नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं केडगाव.) तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. पाठ्यपुस्तकात रमाबाई समाजसुधारक म्हणून भेटतात. आज त्यांच्याकडे संस्थाचालक म्हणून पाहू या.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. रमाबाई आई लक्ष्मीबाईंकडूनच संस्कृत शिकल्या. पुराणं सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर फिरलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळानं गाठलं आणि आईवडील दोघंही गेले. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढं आयुष्यभर त्यांनी जी कामं हातात घेतली, त्यांच्या मुळाशी ही भूक आहे.

भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं, जात ओलांडून लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली, पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच विधवा, पदरात तान्ही मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर शिक्षण आयोगापुढं साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका नि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठामपणे मांडलं. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून पैसे जमवले आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. महात्मा फुले मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

आधी आराखडा, मग इमारत

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि अडीच वर्षं राहिल्या. शाळा कशा चालतात, बालवाडीत काय शिकवतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकात नुसतं गाऱ्हाणं नव्हतं, तर विधवांसाठी शाळेची योजनाही होती. म्हणून लोकांनी पैसे दिले. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. एक अट पक्की होती : शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीला विद्यार्थिनी दोनच. त्यातल्या एक गोदूबाई. याच गोदूबाई पुढं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका छोट्या शाळेचं बी किती लांब जाऊन रुजतं, ते इथं दिसतं.

१८९३ : विश्वासाचा प्रश्न

सदन १८९० मध्ये पुण्याला हललं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीत होती. रमाबाई रोज सकाळी आपल्या मुलीसह प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. बाहेर चर्चा पेटली, ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये समितीनं राजीनामा दिला आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

इथं आपण शिक्षकांनी घाई न करता दोन्ही बाजू पाहाव्यात. पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. त्यांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझी श्रद्धा लपवणार नाही आणि आपणहून येणारीला हाकलणारही नाही. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक, तरी विश्वास तुटला. कारण तटस्थता म्हणजे नेमकं काय, हे दोघांच्या मनात वेगवेगळं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. न बोललेल्या अटीच पुढं भांडण लावतात. या फटक्यानंतरही शाळा बंद पडली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन रमाबाई शिकवत राहिल्या.

केडगावचं मुक्ती

परदेशातली मदत कायम पुरणार नाही हे ओळखून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर ठेवावं लागलं. तिथूनच मुक्ती उभं राहिलं.

१९०० च्या दुष्काळात मुली आणायला रमाबाईंनी तयार केलेल्या बायकाच गुजरातेकडं गेल्या. तीन-चार वर्षांपूर्वी ज्यांना वाचवलं गेलं, त्या आता वाचवणाऱ्या झाल्या होत्या. माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांचं रोजचं जेवण, कपडे, आजारपण, अभ्यास एकट्या बाईनं पाहणं शक्यच नव्हतं. म्हणून कामं वाटली. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवण, स्वयंपाक, दवाखाना, छापखाना, प्रत्येक ठिकाणी बायकाच. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळं. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवलं. शिकता शिकता कमवायचं आणि पुढचीला शिकवायचं, असा तो क्रम होता.

या कारभाराची ख्रिस्ती बैठक समजून घ्यायला हवी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, या गोष्टीतून पुढारी हा आधी सेवक असतो अशी कल्पना येते. दुसरी कल्पना कारभाऱ्याची : पैसा, जमीन, माणसं आपली नव्हेत, सांभाळायला दिलेली आहेत, हिशेब द्यायचा आहे. रमाबाईंच्या राहणीत आणि कामात या दोन्ही दिसतात. वारकरी परंपरेत वाढलेल्या आपल्या मुलांनाही ही सेवेची भाषा परकी वाटणार नाही.

मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९१९ मध्ये कैसर-इ-हिंद पदक मिळालं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवायचं होतं, तीच आधी गेली. रमाबाई भाषांतराचं काम करतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ठरलेली वारसदार नाही आणि संस्थापिकाही नाही, तरी मुक्ती चालत राहिलं आणि आजही चालू आहे. त्याचं कारण त्या कामांच्या वाटणीत आहे. प्रत्येक कामाला ते जाणणारं दुसरं माणूस तयार होतं.

वर्गात चर्चेसाठी

१. शारदा सदनच्या वादात तुम्ही पालक असता तर काय केलं असतं? रमाबाईंच्या जागी असता तर?
२. मुक्तीतली कोणती कामं आपल्या शाळेत मुलं स्वतः चालवू शकतील?
३. आपल्या शाळेतलं असं एक काम शोधा, जे एकच माणूस जाणतो. ते दुसऱ्या कुणाला शिकवता येईल?

तिसरा प्रश्न मुलांआधी आपण मोठ्यांनी सोडवावा, ही विनंती.