बेचाळीस मीटरवरचा आवाज : उषा मेहता

११ जून २०१० रोजी जोहान्सबर्गला विश्वचषक फुटबॉलचा उद्घाटनाचा सामना रंगला असताना अरब देशांतील अनेक घरांत दूरचित्रवाणीचे चित्र अचानक तुटू लागले. कतारच्या अल जझीरा समूहाच्या क्रीडावाहिनीवर कोणीतरी मुद्दाम व्यत्यय आणणाऱ्या लहरी सोडल्या होत्या. त्याच वर्षी कतारने स्वतःची उपग्रह कंपनी स्थापन केली. तिचा दुसरा उपग्रह, एस्हेल-२, १५ नोव्हेंबर २०१८ रोजी अवकाशात गेला. अशा हेतुपूर्वक व्यत्ययाला तोंड देण्याची व्यवस्था त्यात करण्यात आली. ज्या ताऱ्यावरून त्याला नाव मिळाले, त्याला मराठी माणूस अगस्ती म्हणून ओळखतो.

संदेश पाठवणारा आणि तो बुडवू पाहणारा यांचा हा संघर्ष उपग्रहांहून पुष्कळ जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत मुंबईत बावीस वर्षांच्या एका तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो एका साम्राज्याशी केला. त्यांच्याजवळ उपग्रह नव्हता, सरकारी परवाना नव्हता, की स्थिर पत्ताही नव्हता.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते. त्यामुळे मुलीने चळवळीपासून दूर राहावे, अशीच घरची अपेक्षा होती. तरीही १९२८ मध्ये, अवघ्या आठव्या वर्षी, सायमन आयोगाविरुद्धच्या निदर्शनांत त्या सहभागी झाल्या. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईस आले आणि घरचा अडसर दूर झाला. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्यांनी १९३९ मध्ये पदवी मिळवली. पुढे कायद्याचे शिक्षण सुरू असतानाच १९४२चा ऑगस्ट उजाडला.

८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने छोडो भारतचा ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह सारे प्रमुख नेते गजाआड झाले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि नभोवाणी सरकारच्या हाती होती. नेते तुरुंगात आणि बातमी कोंडलेली, अशा अवस्थेत चळवळ फार काळ तग धरणार नाही, हे उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे त्यांचे साथीदार होते. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचे साहाय्य लाभले. प्रक्षेपक उभारण्यास हौशी रेडिओचालक नरिमन प्रिंटर यांचे ज्ञान कामी आले. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले होते. त्यामुळे असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरत होता.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी बेचाळीस मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर काँग्रेस रेडिओचा आवाज प्रथम ऐकू आला. भारतातील कुठल्याशा ठिकाणाहून, एवढाच आपला ठावठिकाणा तो सांगत असे. हिंदुस्थानी व इंग्रजीतून बातम्या दिल्या जात. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेतेही या केंद्रावरून बोलत. जमशेदपूरचा संप, चितगाववरील बॉम्बहल्ला, बलियातील उठाव, विदर्भातील आष्टी-चिमूरमधील अत्याचार अशा ज्या घटना छापण्याची वृत्तपत्रांना मुभा नव्हती, त्या या केंद्राने देशाला सांगितल्या.

सरकारने या आवाजावर दोन बाजूंनी हल्ला चढवला. पहिला उपाय व्यत्ययाचा. श्रोत्याच्या संचापर्यंत मूळ आवाजापेक्षा मोठा गोंगाट त्याच लहरीवर पोहोचवला, की शब्द बुडून जातात. सरकारी प्रक्षेपकांच्या शक्तीपुढे हे गुप्त यंत्र अगदीच दुबळे होते. मात्र लघुलहरींचा स्वभाव सरकारच्याही पूर्ण ताब्यात नव्हता. त्या वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. त्यांची पोहोच दिवसाच्या प्रहरानुसार बदलते. एका ठिकाणाहून सोडलेला गोंगाट सगळीकडे सारख्याच जोराने पोहोचत नाही. एका गावी बुडालेला आवाज दुसऱ्या गावी ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे उरत असे.

दुसरा उपाय अधिक घातक होता. तो म्हणजे प्रक्षेपणाची जागा शोधून काढणे. वर्तुळाकार अँटेना फिरवत गेले, की एका दिशेला आवाज अगदी क्षीण होतो आणि त्यावरून उगमाची रेषा मिळते. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या, तर त्या जिथे छेदतात तिथेच प्रक्षेपक असतो. मात्र अशी मोजणी यंत्र सुरू असतानाच करता येते. जो आवाज श्रोत्याला हवा, तोच पोलिसांना वाट दाखवत होता. म्हणून या तरुणांनी आपले संरक्षण शिस्तीत शोधले. प्रक्षेपण थोडा वेळ चाले. ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी होई. मुद्रित तबकड्या गुपचूप केंद्रावर नेल्या जात. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी अशा जागा बदलत यंत्राचा प्रवास सुरू राहिला. भाड्याने घेतलेले प्रत्येक घर काही दिवसांचे सोबती असे.

सुमारे अडीच महिने हा लपंडाव चालला. अखेरचा धागा पोलिसांना लहरींतून मिळाला नाही, तो माणसाकडून मिळाला. यंत्राची माहिती असलेला तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला आणि ठिकाण उघड झाले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाडी सुरू झाल्याचे उषाबेनना समजले होते. पळून जाणे शक्य होते. तरीही ठरलेले प्रक्षेपण चुकवायचे नाही, या निश्चयाने त्या चंद्रकांत झवेरींसह महालक्ष्मीच्या पॅरेडाइज बंगल्यात गेल्या. वंदे मातरम्‌ची तबकडी वाजत असताना पोलीस दारे फोडून आत शिरले. तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

पुढचे सहा महिने चौकशीचे होते. एकांतवास भोगावा लागला. चळवळीशी द्रोह केल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखवले गेले. उषाबेन बोलल्या नाहीत. न्यायालयात प्रश्नांची उत्तरे देणे सक्तीचे आहे का, एवढे त्यांनी विचारून घेतले आणि सक्ती नाही असे कळल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. यंत्र जप्त झाले, तरी सहकाऱ्यांविषयीची जी माहिती त्यांच्याजवळ होती, तिच्यापर्यंत कुठलेही साधन पोहोचू शकले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. तिथे प्रकृती ढासळली. १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

खालावलेल्या प्रकृतीमुळे सत्तेच्या राजकारणाकडे त्या वळल्या नाहीत. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईत दीर्घकाळ अध्यापन केले. मणिभवनच्या कार्याशी त्यांचे नाते अखेरपर्यंत राहिले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील स्मरणकार्यक्रमाला गेल्या. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.

एस्हेल-२ उपग्रहावर हौशी रेडिओचालकांसाठीही खास सोय आहे. भूस्थिर कक्षेतील अशी ती पहिलीच. १९४२ मध्ये ज्या छंदाची यंत्रे बाळगणे मुंबईत अपराध होता, त्याच छंदातले लोक आज कतारच्या उपग्रहावरून खंडाखंडांपार एकमेकांशी उघडपणे बोलतात. व्यत्यय ओळखण्याची व टाळण्याची साधने आता कितीतरी सूक्ष्म झाली आहेत. ती नसतानाही संदेश पोहोचवता येतो, पण त्यासाठी स्वतःच्या चार वर्षांची किंमत मोजण्याची तयारी लागते, हे उषा मेहतांच्या आयुष्याने दाखवून दिले.