अवंतिकाबाई आणि नगरपालिकेची खुर्ची

बार्शीची नगरपालिका १८६५ सालची. स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारा कायदा महाराष्ट्रात २०११ साली झाला, आणि तेव्हापासून अशा जुन्या पालिकांच्या सभागृहांत स्त्रियांची उपस्थिती हा नवलाईचा विषय उरलेला नाही. तथापि निवडून आलेल्या बाईंचा कारभार त्यांचे यजमानच पाहतात, ही तक्रार गावोगावी ऐकू येते; आणि तीवरून स्त्रियांना नगरकारभारात गतीच नसते, असा निष्कर्ष बिनदिक्कत काढला जातो. तो काढणाऱ्यांनी अवंतिकाबाई गोखले यांचे चरित्र एकदा नजरेखालून घालावे.

१८८२ साली इंदूरला जन्मलेल्या अवंतिकाबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांचे यजमान बबनराव अभियंता होते आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने त्या शिकल्या. हे शिक्षण दिवाणखान्यात मिरवण्याचे नव्हते. त्यांनी परिचारिकेचे व सुइणीचे काम पत्करले. पांढरपेशा घरातील स्त्रीने बाळंतिणीच्या खोलीत मोल घेऊन राबावे, हे त्या काळी किती जणांना रुचले असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९१३ साली इचलकरंजीच्या जहागीरदार घराण्याबरोबर त्या इंग्लंडलाही जाऊन आल्या.

परंतु त्यांची खरी घडण झाली ती चंपारण्यात. निळीच्या मळ्यांतील रयतेसाठी गांधीजींनी उघडलेली पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन या खेड्यात सुरू झाली, आणि ती चालविण्यास गोखले पतिपत्नी मुंबईहून गेली. अक्षरांपेक्षा स्वच्छतेला तेथे अधिक महत्त्व होते. खेड्यातली घाण आणि स्त्रियांची दैन्यावस्था दोन्ही त्यांनी जवळून पाहिली. परतल्यावर १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना लोकमान्यांची लाभली. त्याच वर्षी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला.

एवढी शिदोरी पाठीशी बांधून अवंतिकाबाई १९२३ साली मुंबई महापालिकेच्या सभासद झाल्या. सरोजिनी नायडू आणि बच्चूबाई लोटवाला त्यांच्या सहकारी होत्या. आयर्लंडमधील डब्लिनच्या पालिकेत सारा हॅरिसन या चित्रकर्तीने पहिले स्त्री-सभासदत्व मिळविले ते १९१२ साली. म्हणजे मुंबई फारशी मागे नव्हती. गटारे, नळ, प्रसूतिगृहे हा पालिकेचा नित्याचा विषय, आणि त्यातले बाळंतपण त्या सभागृहात अवंतिकाबाईंइतके जवळून पाहिलेले कितीसे सभासद होते? त्यांना तेथे बोलण्यासाठी यजमानांच्या चिठ्ठीची गरज नव्हती.

१९३१ पर्यंत त्या सभासद होत्या. मधल्या काळात, १९३० च्या कायदेभंगात, त्यांनी तुरुंगवासही पत्करला. १९४९ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९५६ मध्ये, सुलोचना मोदी यांच्या रूपाने मुंबईच्या महापौरपदावर पहिली स्त्री बसली.