संत मेथोडियस

देवाची उपासना कोणत्या भाषेंत करावी, हा वाद अलीकडचा आहे असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तो हजार वर्षांहून जुना असून त्यापायीं एका थोर पुरुषाला कारावास भोगावा लागला. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

मेथोडियस यांचा जन्म इ. स. ८१५ च्या सुमारास थेस्सलनीका नगरांत झाला. तरुणपणीं ते स्लाव लोकांच्या एका प्रांताचे अधिकारी होते. परंतु तें पद सोडून त्यांनीं मठवास पत्करिला. ८६२ सालीं मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव यानें बायझंटाइन बादशहाकडे, आपल्या प्रजेस तिच्या भाषेंत धर्म शिकवील असा गुरु मागितला. तेव्हां मेथोडियस व त्यांचे धाकटे बंधु सिरिल यांची रवानगी झाली. स्लाव भाषेला स्वतःची लिपि नव्हती. ती सिरिल यांनीं रचिली, आणि उभय बंधूंनीं शुभवर्तमानें व उपासनाविधि त्या भाषेंत आणिले.

हें कित्येक लॅटिन धर्मगुरूंना रुचलें नाहीं. वधस्तंभावरील लेख हिब्रू, ग्रीक व लॅटिन या भाषांत होता, तेव्हां उपासनेसही याच तीन योग्य, असा त्यांचा पक्ष होता. पोप दुसरे एड्रियन यांनीं मात्र स्लाव ग्रंथांस मान्यता दिली. ८६९ सालीं सिरिल रोम येथें निवर्तले. मठाच्या ओढीनें हें कार्य सोडूं नये, अशी त्यांनीं बंधूंस अखेरची विनवणी केली.

मेथोडियस यांनीं ती पाळली. ते आर्चबिशप झाले, तोंच ८७० सालीं बव्हेरियाच्या बिशपांनीं त्यांना बंदींत टाकिलें. सुमारें अडीच वर्षांनीं पोप आठवे जॉन यांनीं त्यांस सोडविलें. ८८० सालीं याच पोपनीं स्लाव उपासनेस अनुज्ञा दिली. मात्र शुभवर्तमान आधीं लॅटिनमध्यें वाचून मग स्लावमध्यें वाचावें, असें ठरविलें. ऐक्य व आकलन या दोहोंचा मान त्यांत राखिला होता.

८८५ सालीं मेथोडियस वारले. लागलीच बंदी आली आणि शिष्य हद्दपार झाले; परंतु बल्गेरियांत त्यांना आश्रय मिळाला व कार्य वाढलें. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, लॅटिनचें स्थान राखून, लोकभाषांना वाट मोकळी केली. वसईस मराठींत होणारें मिस्साबलिदान हें त्याचेंच फळ होय. प्राचीन लॅटिन विधीवर प्रेम करणारे भाविक आजही आहेत; त्यांची श्रद्धाही आदरास पात्र आहे.

विद्यार्थ्यांनो, मेथोडियस यांनीं अन्याय सोसला, पण मंडळीपासून ते फुटले नाहींत, आणि अज्ञ जनांचा हातही त्यांनीं सोडिला नाहीं. मतभेदाच्या प्रसंगीं हा धडा आपण स्मरावा.